राजीनामा न देता मिळालेला निरोप

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे आधारवड आदरणीय चिमाजीअण्णा, प्राचार्य समाधान सर, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, माझे सहकारी, विद्यार्थी, आणि सायखेड्याहून खास संस्थेच्या गाडीने आणलेल्या माझ्या सासूबाई सगुणाबाई, सर्वांना सविनय नमस्कार.

सत्काराला उत्तर द्यायची रीत आहे, म्हणून उभी राहिले. माझ्याविषयी इतकं गोड बोललं गेलं, की वाटलं, या विधाते मॅडमना एकदा भेटायलाच हवं! वीसेक वर्षं मी या कॉलेजात अकरावी-बारावीला तर्कशास्त्र शिकवते. निवृत्तीला अजून दोन वर्षं आहेत आणि राजीनामा मी दिलेला नाही. या कार्यक्रमाची बातमी मला गेटवरच्या फ्लेक्सवरून कळली. माझा हसरा फोटो आणि वर ‘सेवापूर्ती सोहळा’. रिक्षावाला म्हणाला, “मॅडम, सुटल्या का तुम्ही?”

अण्णा, पाणी घ्या. मी आवाज चढवणार नाही.

आपल्याकडे खांद्यावर शाल पडली, की माणूस ‘नाही’ म्हणत नाही. समोर पाहुणे, घरचं वडीलधारं माणूस, फोटोवाला, वर मसालेभाताचा वास सुटलेला. अशा वेळी ‘मी जाणार नाही’ म्हणायला कुणाची जीभ रेटेल? हाच तर आजच्या कार्यक्रमामागचा युक्तिवाद आहे. मोठा हुशार आहे. फक्त त्यात कारण तेवढं नाही.

कारणं भाषणांत आली म्हणता? बघू या. समाधान सर म्हणाले, तर्कशास्त्राला मुलं कमी झालीत, आता एक तर हा विषय बंद होईल, नाही तर कॉलेज बंद होईल. सर, तिसरी वाटच नाही? यंदाच्या माहितीपत्रकातून तर्कशास्त्राचं नाव गाळलं होतं, ते पुन्हा छापून पाहिलंत का? दार आपण लावायचं आणि कुणी आत येत नाही म्हणून रडायचं, हे कसं? अण्णा म्हणाले, सगळ्या स्टाफचं हेच मत आहे. सगळ्या म्हणजे कुणाकुणाचं? मनाली मॅडम तिकडे मान खाली घालून बसल्यात, त्यांना कुणी विचारलं? आणि एका वक्त्यांनी सांगितलं, मॅडमना नव्याचं वावडं आहे. असेल बापडं! मी उद्या चिडकी, हेकट, कजाग ठरले, तरी त्याने विषय कसा निरुपयोगी ठरतो?

आता शेवटचा प्रश्न, या विषयाचा उपयोग काय? हर्षाली, बस, उठू नकोस. ही माझी अकरावीची विद्यार्थिनी. हिचे वडील गोरक्षभाऊ, दिंडोरीकडचे द्राक्षबागायतदार, दिवाळीनंतर एकदा तावातावाने स्टाफरूममध्ये आले. “मॅडम, पोरीला काय शिकवता वो? भर मीटिंगीत औषधवाल्याला उलटी बोलली. लय लाज आणली!” झालं होतं असं, की मणी फुगवायचं नवं औषध विकायला आलेला माणूस म्हणाला, आमचं औषध मारलेल्या बागा बघा, माल कसा टपोरा आलाय. हर्षालीने विचारलं, “न मारलेल्या बागांचा कसा आलाय?” तो म्हणाला, “ताई, तुम्ही शाळा शिका, बागेचं आम्ही बघतो.” सगळे हसले आणि मीटिंग पुढे सरकली. हे मला सांगता सांगता गोरक्षभाऊ चहा प्यायला थांबले. मग कपात बघत म्हणाले, “पण मॅडम, उत्तर का नाय दिलं त्यानं?”

एका किश्श्याने काही सिद्ध होत नाही, हेही मीच शिकवते. पण आज मलाही तसंच हसून बसवलं जातंय, हे तुम्हाला दिसावं म्हणून सांगितला. माझ्या वर्गाला सांगण्यात आलंय, बारावीला दुसरा विषय घ्या. एक वर्ष घासलेलं पाण्यात घाला आणि नव्याने सुरू करा. का, तर मॅडम स्वखुशीने जातायत. मला याचा राग आला आहे. माझ्या नावाची खुशी माझ्याशिवाय ठरवली, आणि ती या मुलांच्या गळ्यात बांधली. म्हणून भर सभेत सांगते, मी जात नाही. संस्थेला मला काढायचं असेल, तर तसा ठराव करावा, कारण लिहावं आणि खाली सही करावी.

शाल परत करत नाही, तिचा काय अपराध? गाडीच्या एसीने सासूबाई गारठल्यात, त्यांना पांघरते. नारळ मात्र इथेच ठेवते. मराठीत नारळ देण्याचा अर्थ सर्वांना ठाऊक आहे.

मंडपवाले, माईकवाले, सकाळपासून चुलीपाशी राबणाऱ्या ताई, सर्वांचे मनापासून आभार. जेवल्याशिवाय कुणी जाऊ नका. बोलण्याच्या ओघात कुणाचं मन दुखावलं असेल तर लहान समजून पोटात घाला. मन दुखावल्याची माफी मागते, मुद्द्याची नाही. मुद्द्याला उत्तर लागतं.

आणि अकरावीच्या मुलांनो, उद्या पहिला तास आपला आहे. आजची सगळी भाषणं तुम्ही ऐकलीत. प्रत्येकात कुठे पाणी मुरतंय, ते शोधून आणा. सुरुवात माझ्या भाषणापासून करा.

नमस्कार.