निळ्या झग्याची दुमड

(शाळा सुटल्यानंतरचा शिवणाचा वर्ग. टेबलावर बारावीच्या दाखला-समारंभाच्या निळ्या झग्यांचा ढीग.)

हॅचर : ते झगे आधी बाजूला ठेवा, ओडेसाबाई. मला बघवत नाही.

ओडेसाबाई : हात थांबले की रडू येतं, सर. राजधानीत परत विचारलंत?

हॅचर : मुख्याध्यापक म्हणून जेवढं गयावया करायचं तेवढं केलं. त्यांचं एकच पालुपद. यंदापासून संगणकशास्त्राशिवाय बारावीचा दाखला नाही, आणि तो विषय पक्का परवाना असलेल्या शिक्षकानंच शिकवलेला हवा.

ओडेसाबाई : पण मुलं पास झाली ना! सगळीच्या सगळी!

हॅचर : मुलं झाली. तुम्ही नाही झालात.

ओडेसाबाई : तीनदा बसले हो परवान्याच्या परीक्षेला. मी शिवण आणि मक्याचा पाव शिकवणारी बाई. तुम्हीच म्हणालात, दुसरं कोणी मिळत नाही, तात्पुरत्या परवान्यावर शिकवा, वर्षाअखेर परीक्षा पास व्हाल.

हॅचर : म्हणालो. फुटबॉलच्या कोचला विचारलं, तर तो मैदानावर पळाला तो परत आलाच नाही. आता पुढची परीक्षा जुलैत. तुम्ही पास झालात, तर तेव्हा मिळतील मुलांना दाखले.

ओडेसाबाई : आणि समारंभ परवा! नापास मी, आणि दाखल्याविना खाली बसायचं माझ्या मुलांनी? देवा, शिक्षा मला दे ना रे.

हॅचर : हळू बोला. मुलांना उद्या सकाळी मी सांगतो, तोवर एक शब्द नाही. कोणीतरी येतंय.

टॅविया : बाई, आहात ना? माझा झगा पायात येतोय. आजी म्हणते, व्यासपीठावर तोंडावर आपटलीस तर चर्चमध्ये तुला ओळख दाखवणार नाही. अय्या, सर!

हॅचर : ये, ये. मी निघतोच. ओडेसाबाई, लक्षात आहे ना?

टॅविया : यांना काय झालं? आणि तुमचा चेहरा बघा. आज बुधवार, उपास ना तुमचा?

ओडेसाबाई : हो. उपासाच्या तोंडानं खोटं बोलवत नाही गं. टॅविया, तुला परवा दाखला मिळणार नाही. कोणालाच नाही. मी परवान्याच्या परीक्षेत नापास झाले, म्हणून तुमचा संगणकाचा विषय धरत नाहीत. मी जुलैत पास झाले, तरच मिळतील.

टॅविया : थट्टा करताय.

ओडेसाबाई : नाही, बाळा.

टॅविया : मेंफिसच्या नर्सिंग कॉलेजला जूनमध्ये दाखला हवाय, बाई! नाहीतर माझी जागा दुसऱ्याला. आजी गल्लीभर सांगत सुटलीय, आमच्या घरातली पहिली नर्स! काय सांगू मी तिला?

ओडेसाबाई : माझं नाव सांग. म्हणावं, ओडेसाबाईनं बुडवलं.

टॅविया : प्रोग्राममध्ये तीच ती पायरी फिरवणारा लूप कुठे थांबवायचा, ते मी घसा फोडून सांगितलं तुम्हाला! मग तुम्हीच शिवणयंत्र चालवून सगळ्या वर्गाला समजावलंत. आणि पेपरात तेच चुकलात?

ओडेसाबाई : परीक्षेत संगणकाच्या पडद्यावर घड्याळ पळायला लागलं की डोळ्यांपुढे अंधारी येते.

टॅविया : जुलैत परत बसणार?

ओडेसाबाई : बसेन. पण तुझी जागा तर त्याआधीच जाईल.

टॅविया : जाईलच. उद्यापासून रोज आमच्या ओसरीवर यायचं. मी घड्याळ लावून प्रश्न विचारीन. आणि आजीला तुम्ही सांगायचं, मी नाही.

ओडेसाबाई : सांगेन. रागावली नाहीस ना गं?

टॅविया : खूप रागावलेय. बोलू नका माझ्याशी. टाचण्या लावा.

ओडेसाबाई : आता कशाला, पोरी?

टॅविया : लावा, बाई. जुलैपर्यंत माझी उंची काही वाढायची नाही.