म्हाताऱ्या राजाचा सर्ग

हॅलो?… अगं मीच, मावशीच बोलतेय. घसा बसलाय, म्हणून असा आवाज.

हो, हो… ठमे, ऐक ना… नाही पाठवला. त्या ग्रीक महाकाव्याचा शेवटचा सर्ग वाचून रेकॉर्ड करायचा राहिलाय, माहीत आहे मला. परवा पेपर आहे, तेही माहीत आहे.

अगं, काल रेकॉर्डिंगला बसले, तर वरच्या मजल्यावर ड्रिल सुरू… परवा? परवा घसा… कारणं कशाला सांगू तुला?

तुमच्या कॉलेजात बघ ना. तुझ्यासारख्या, डोळ्यांनी दिसत नाही अशा मुलांसाठी काहीतरी ठेवलं असेल की. ब्रेलमध्ये?… नुसता सारांश?… आणि तो कॉम्प्युटरमधला बोलणारा बाबा?… नावं चावून खातो? खाणारच. ग्रीक नावं ती, माझीसुद्धा जीभ वळत नाही. आधी त्याचं नाव, मग बापाचं, मग आजोबाचं, मग गावाचं… आणि मग कुठे तो भाला फेकतो!

हस, हस. त्या गलबतांच्या यादीनं माझा जीव काढला. वर तुझी फर्माईश, मावशी, तळटीपा वेगळ्या आवाजात वाच.

काका?… बरे आहेत. आत पडलेत… ऐकतात ना! मी वाचायला बसले की मटार घेऊन समोर येतात. सोलायचे, पण आवाज करायचा नाही, रेकॉर्डिंगमध्ये येतो म्हणून. एरवी दिवसभर तोंडातून शब्द नाही. पण ते देव भांडायला लागले की म्हणतात, यांना काही कामधंदा नाही का?… हो ना. काल विचारत होते, आज वाचायचं नाही का.

नाही गं, तुझ्यावर कशाला रागावू? दमलेय मी… थांब, दार लोटून येते.

हां. ऐक. पुढचं मी मनातल्या मनात वाचून पाहिलंय. तो म्हातारा राजा, पोराचं प्रेत मागायला शत्रूच्या तंबूत जातो… हो, तोच. ज्यानं पोराला मारलं, त्याचेच गुडघे धरतो… प्रश्न येणारच त्यावर, सांगितलंस तू.

अगं, आमचा पोरगा, तुझा दादा, गेला तेव्हा तू लहान होतीस. तुला कोण सांगणार?… अपघात झाला, ते खरंच. पण ज्या मॅनेजरनं त्याला त्या नादुरुस्त क्रेनवर चढवलं, तो त्याचा देह आमच्या ताब्यात देईना. आधी तक्रार नाही असं लिहून द्या म्हणे. काका दिवसभर फाटकाशी उभे. शेवटी त्या माणसाचे पाय धरले त्यांनी… हो. आपले काका. तेव्हा कुठे पोर घरी आलं.

त्यानंतर त्या दिवसाचं नाव काढलं नाही त्यांनी. लाज धरून बसलेत गं मनात. मला कळतं, पण बोलायचं कसं?

आता तूच सांग, त्यांच्यासमोर हे कसं वाचू?… दुसरीकडे बसून? आणि यांना काय सांगू, गोष्ट संपली म्हणून?… ए, रडू नकोस. तुझं काय चुकलं त्यात? तुझं वर्ष वाया जाऊ नये, एवढंच माझ्या डोक्यात आहे. पण तोंड उघडलं की आवाजच फुटत नाही…

एक मिनिट हं… अहो? तुम्ही कधी उठलात?… काही नाही, ठमीचा फोन… पुस्तक कशाला हवंय?… अहो, नको. राहू दे ते… काय?… कधी वाचलंत?… आणि मला बोलला नाहीत?

ठमे… आहेस ना?… काकांनी तो सर्ग आधीच वाचलाय गं. मी दवाखान्यात गेले होते तेव्हा. त्यांना वाटलं, मला झेपायचं नाही, म्हणून गप्प बसले. आणि मी इथे त्यांच्यासाठी दारं लोटतेय…

आता ते स्वतःच वाचतो म्हणतायत. आत्ता, फोनवर. तू तिकडून रेकॉर्डिंग लाव… अगं, मीही तेच म्हटलं, कशाला त्रास करून घेता.

तर म्हणतात, राजानंसुद्धा पाय धरले होते. मला ते मोठ्यानं वाचायचंय.

…लावलंस? देते हं.

घ्या.