कुलूप लावलेला मेसेज

एन्क्रिप्शन म्हणजे काय, हे मला आधी संदेशनं शिकवलं आणि मग सुजाताच्या पप्पांनी. संदेश माझा रूममेट, पुण्याचा, कॉम्प्युटरवाला. मी काचीगुड्याला कुरिअरच्या दुकानात काम करतो. सुजाता तिथं पार्सल द्यायला येते. तिला लग्नाचं विचारायचं होतं, पण ती समोर आली की माझा आवाजच निघत नाही.

"मग मेसेज कर," संदेश म्हणाला.

"मधे कोणी वाचला तर?"

"अरे, तुझ्या फोनमधून निघतानाच त्याला कुलूप लागतं. वाटेत कोणी पाहिला तर नुसती अक्षरांची भेळ. किल्ली फक्त तिच्या फोनमध्ये."

माझी शाळा सातवीत सुटली, पण मराठी नीट लिहितो. मनातलं सगळं लिहिलं आणि पाठवलं.

थोड्या वेळानं तिच्या नंबरवरून उत्तर आलं, बोललेलं. आवाज तिच्या पप्पांचा!

"बेटा, सुजाता इंग्लिश शाळेत शिकली, तिला मराठी वाचता येत नाही. पार्सलचं काही असेल म्हणून तिनं फोन माझ्याकडे दिला. मी मोठ्यानं वाचलं. तिच्या आईनं ऐकलं, शेजारच्या मावशींनी पण."

तेवढ्यात त्याच रेकॉर्डिंगमध्ये मागून सुजाता ओरडली, "पप्पा, हौ बोला ना त्याला!"

"ती हो म्हणते. रविवारी आईवडिलांना घेऊन ये."

मी संदेशला म्हणालो, "तुझं कुलूप तुटलं रे."

"माझं शाबूत आहे," तो म्हणाला. "तू मराठीत लिहून वर दुसरं लावलंस. त्याची किल्ली सासऱ्याकडे निघाली."