उपाशी नाहीत ते सगळे

...नाही, पण मला सांगा, एक गोष्ट सरळ विचारायला माणसाला काय होतं? तुम्हाला सांगतो, माझं काम दुभाष्याचं. प्रोग्रामर त्याच्या भाषेत विचारणार, डेटाबेसला ते डेटाबेसच्या भाषेत लागणार, मधे आमची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच. एक लिहितो, 'वय साठाहून जास्त', दुसरा लिहितो, 'साठ हे वयाहून कमी', तिसरा अतिशहाणा, 'वय साठ किंवा त्याखाली नाही असे'... अहो, प्रश्न एकच आहे. आणि ही वेडीवाकडी वाक्यं विंचरून एका साच्यात बसवायची कुणी? मी. बायको म्हणते, 'हल्ली मी नाही म्हटलं की तू मोजतोस, किती वेळा म्हटलं.'

तर एका इस्पितळाची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, आली. स्वयंपाकघराला दुपारच्या ताटांची यादी हवी, ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेले सोडून. क्वेरीत काय, तर 'आहार उपाशी नाही, किंवा आहाराचा रकाना कोरा'. म्हटलं, हे शेपूट कशाला? कोरा म्हणजे उपाशी नाहीच की, प्रश्न एकच आहे. शेपूट छाटायचा नियमच घातला लायब्ररीत. आमच्या टीमच्या बाई म्हणाल्या, "कोऱ्याचं तपासलंस ना?" मी म्हणालो, "बाई, त्यात तपासायचं काय?" हे वाक्य आता मला आयुष्यभर पुरेल.

कारण कोऱ्या रकान्याबद्दल डेटाबेसला विचारा, हा उपाशी आहे का? 'माहीत नाही.' बरं, उपाशी नाही का? 'तेही माहीत नाही.' आणि ज्याचं माहीत नाही तो यादीत नाही...

इस्पितळानं लायब्ररीची नवी आवृत्ती चढवली मंगळवारी. दुपारी दीडला फोन, सासऱ्यांचा. गुडघ्यासाठी त्याच इस्पितळात होते. खालच्या आवाजात म्हणतात, "जावईबापू, शेजारच्या खाटेला ताट आलं, पलीकडच्याला आलं. मला असं काय झालंय, जे तुम्ही सांगत नाही?"

रकाना कोरा, अशी एक्केचाळीस माणसं. उपाशी नाहीत, म्हणून उपाशी. एका आजींनी तर घरी फोन लावून निरोपानिरोपी सुरू केलेली.

बाई रागावल्या नाहीत हो, नुसती खुर्ची ओढून शेजारी बसल्या, ते जास्त लागलं. शेपूट जोडलं, तीनला ताटं गेली. संध्याकाळी सासऱ्यांपुढे उभा राहून सगळं कबूल केलं.

"म्हणजे मी बरा आहे?"

"हो."

"मग काय एवढं. बसा."

माझ्याच्यानं वर बघवेना.

इस्पितळानं मात्र धसका घेतला. फर्मान निघालं, यापुढे एकही रकाना कोरा नको. आणि काय भरलंय म्हणता? 'जेवतो', 'जेवेल', 'उपाशी नको', 'जेवत नाही असं नाही'... अहो, उत्तर एकच आहे. आता ती विंचरतोय. सासऱ्यांचा रकाना नर्सनं त्यांनाच विचारून भरला म्हणे. त्यात लिहिलंय, 'जावयाला विचारा'.