आईची कणसं

बोमेत गावातल्या गिरणीसमोरची रांग हलत नव्हती. रांगेत उभ्या ताप्रांदिचच्या पुढे दोघी बहिणी दमलेल्या आवाजात बोलत होत्या. पोतं पायाशी ठेवून ती ऐकत राहिली.

"ताई, मक्याची पानं कडेनं पिवळी पडली, मग मधला कोवळा पोंगाच वाळला."

"विषाणूच तो. उपटून टाक सगळं. यंदा घेवडा लाव."

"उपटलं, पण पुन्हा मकाच लावलाय."

"बी कुठलं?"

"आईनं चुलीवर धुरात टांगलेली कणसं."

"तिच्या त्या रोगट शेतातली? अगं, धुरानं किडे मरतात, विषाणू नाही."

"ठाऊक आहे. पण परवा ती उगवण बघायला येतेय. नसतं पेरलं तर काय सांगितलं असतं तिला?"

"माझ्याकडेही येतेय."

"म्हणजे तूही पेरलंस?"

"एकच ओळ. दारासमोर."