वैजूला मागणी आली तेव्हा

मी मूळची पळसदरीची. धरणाच्या अलीकडं आमचं घर, बाप भातशेती करायचा, आणि मला दिली इथं कडावला. नवरा लवकर गेला, पोरबाळ नाय, दोन म्हशी तेवढ्या मागं ठेवल्या त्यानं. मग धाकटी बहीण बाळंतपणात गेली आणि तिची वैजू माझ्या पदरात आली, तवापासून मीच तिची मावशी आणि मीच आई. आता सगळे विचारतात, कबड्डी कुणी शिकवली गं तिला? काय सांगू तुमाला, म्हशीच्या पारडीनं शिकवली. पारडी दावं तोडून पळाली की वैजू मागनं झेप घालून तिचा घोटा धरायची, शेणात लोळंल पण सोडायची नाय.

आमच्या कबड्डी मंडळाचे अध्यक्ष हायत, सगळे भाऊ म्हणतात त्यांना, मी नाय म्हणत. वैजू नववीला होती, जत्रेतले सामने, सगळा गाव मैदानाभवती. वर्षभर सराव केला वैजूनं, जर्सी घालून उभी राहिली, आणि ऐन वेळी हा माणूस म्हणतो, जर्सी उतरव इथंच, माझी भाची खेळणार. पोरगी म्हणाली घरी जाऊन बदलून येते, तर हा म्हणतो, एवढी लाज वाटते तर कबड्डी कशाला खेळतेस, जा, मावशीच्या म्हशी राख. माणसं हसली हो. पोरीनं तिथंच जर्सी काढून दिली, मी माझ्या पदरात गुंडाळून आणली तिला. ती रडली नाय, मीपण रडले नाय. पण त्या दिवसापासून त्याच्या घरचं दूध बंद केलं, आणि देवापुढं रोज एकच, ह्याला माझ्या दारात आण.

आणला की देवानं!

यंदा वैजू बारावी झाली, राज्यात खेळून आली, आणि कॉलेजवाल्यांची रांग लागली. पहिल्यांदा आले ते दोन पुरुष, एक बाई, हातात पेढ्यांचा पुडा. मला वाटलं स्थळच आलं. मी वैजूला साडी नेसवली, पोहे केले, डोक्यावर पदर देऊन ट्रे घेऊन पाठवली. त्यातला एक मास्तर विचारतो, वजन किती हिचं? मी म्हटलं, का हो, तराजूत घालून न्यायचीय काय? वैजू हसून हसून भिंतीला टेकली, म्हणाली, मावशे, खेळायला न्यायला आलेत गं, नांदायला नाय.

असे बरेच आले, कोल्हापूरपासनं. आणि मग एका सकाळी हा अध्यक्ष आला. खोपोलीच्या एका कॉलेजात विश्वस्त की काय झालाय आता. मला मावशी म्हणाला! मी म्हशीखालनं उठलेच नाय, बोल म्हटलं. तर म्हणतो, फी माफ, जेवणखाण आमचं, आणि रोज संध्याकाळी पोरगी तुमच्याच घरात, झालं गेलं विसरा. खोटं कशाला बोलू, माझं मन हललं. बाकी सगळी कॉलेजं लांब, माझे गुडघे गेलेले, पोरगी घरी राहील म्हटल्यावर कोण नको म्हणंल? पण तेवढ्यात आळीतल्या बाया कुंपणाशी जमल्या, आणि मला ते मैदान आठवलं.

मी म्हटलं, विसरते की. तुमी एवढंच करा, ह्या अंगणात उभे राहून शर्ट उतरवा. तो हसला. कुणीच हसलं नाय. मी म्हटलं, एवढी लाज वाटते तर पोर मागायला कशाला आलात? आणि काय सांगू तुमाला, त्यानं वरची दोन बटणं काढलीपण! एवढी हवी होती त्याला माझी वैजू. मी म्हशीच्या पाठीवर थाप मारली आणि बघत राहिले, ते सुख मला पंचपक्वान्नात मिळालं नाय.

मग वैजूच पुढं आली. म्हणाली, राहू द्या भाऊ, थंडी वाजंल. मी कोल्हापूरला चाललेय. तुमच्या कॉलेजच्या पोरी कुठल्यातरी मैदानात भेटतीलच मला.

सोमवारी जाणार ती. शेजारीण म्हणते, मावशे, माफ केलं असतंस तर पोरगी जवळ राहिली असती. असती ना. म्हटलं, माफ करणं देवाला शोभतं बाय, त्याला कुठं पदरात गुंडाळून पोर घरी आणावी लागली. पहाटे एकटीनं म्हशी पिळायच्यात, घर खायला उठणार, ठाऊक हाय मला, तरी आज परत आला तर परत तेच सांगीन, आणि ह्या खेपेला बटणं सगळी काढेपर्यंत थांबीन.

जा गं बाये, पोटभर जेव, गुडघे सांभाळ, देव तुझ्या पाठीशी उभा राहो. आणि त्याच्या पोरी चढाईला आल्या तर घाई करू नको. आधी नीट आत येऊ दे.