सहावा रकाना

निरीक्षक: ...आणि तो पासपोर्ट तपासणारा वर शिक्का मारून मोकळा झाला. सहावा रकाना, नातं: भाऊ. मी चष्मा पुसून दोनदा वाचलं.

अभियंता: लिहिलं तर लिहिलं. विमानतळाबाहेर सोडलं ना त्याने? पुढचं विमान संध्याकाळचं, नऊ तास मोकळे आहेत आणि बसमध्ये खिडकीची जागा मिळालीय. बघा जरा बाहेर.

निरीक्षक: कशातून बघू? काचेवर तेलकट डोक्यांचे सात ठसे आहेत. पुढच्या बाकावरचा माणूस नखं कापतोय. त्यातलं एक आत्ता माझ्या बुटावर येऊन पडलं.

अभियंता: झटका की.

निरीक्षक: कशाने? व्याहीबुवा, मी त्या खिडकीवरच्या माणसाला चार वेळा समजावलं, की यांचा मुलगा तो माझ्या मुलीचा नवरा. तो म्हणाला, म्हणजे तुम्ही मित्र. मी म्हटलं, मुळीच नाही. तर म्हणतो, मग तुम्ही एकमेकांचे आहात तरी कोण? एवढं अवाढव्य शहर, विमानतळावर सरकते रस्ते, आणि भाषेत व्याह्याला शब्द नाही.

अभियंता: मागे रांग लागली होती. त्याने हाताशी आला तो जवळचा शब्द उचलला.

निरीक्षक: जवळचा शब्द उचलला म्हणून मी सतरा दुकानांना टाळं लावलंय. बाटलीवर मध लिहायचं आणि आत साखरेचा पाक भरायचा, तो दुकानदारही हेच म्हणाला होता, साहेब, जवळचाच शब्द आहे. तेहतीस वर्षं अन्न निरीक्षक होतो, चुकीचं लेबल कधी चालवून घेतलं नाही. परत जाताना त्याच खिडकीवर उभा राहून खोडायला लावणार. मला एक सख्खा भाऊ आहे. तेवढा पुरे आहे.

अभियंता: मी तुमच्यापेक्षा चार महिन्यांनी मोठा निघालो. त्याने जन्मतारखा पाहिल्या तेव्हा कळलं.

निरीक्षक: त्यात तुमची कर्तबगारी काही नाही. सकाळच्या पावाचं सांगितलं का तुम्हाला?

अभियंता: दोनदा.

निरीक्षक: कालच्या तारखेवर आजची तारीख चिकटवलेली. मी नखाने उकरून पाव विकणाऱ्या मुलीला दाखवली, तर ती हसली. पावापेक्षा त्या हसण्याची किळस आली मला. आणि विमानात माझ्या शेजारचा गृहस्थ मोजे काढून झोपला होता, ते काही मी सांगत बसत नाही.

अभियंता: तुम्हाला सगळ्याचीच किळस येते.

निरीक्षक: सगळ्याची येत नाही. तपासलेल्या गोष्टींची येते. इकडे पोरांचा संसार मोडायला आलाय. विहीणबाई आणि आमची ही, दोघींनी एका विमानात बसायला साफ नकार दिला म्हणून समजूत घालायला आपण दोघे निघालो. आणि मध्येच उतरून आपण शहर बघतोय. त्याचीसुद्धा येते, खरं सांगायचं तर.

अभियंता: विमानतळावर नऊ तास बसून तुम्ही त्या पाववाल्या मुलीचा पंचनामा केला असतात.

निरीक्षक: अर्धा झाला होता. बरं, हे संग्रहालय कसलं? तुमच्या चिरंजीवांनी पाठवलेल्या यादीत कारंजं होतं, मनोरा होता, चित्रांचं दालन होतं. तुम्ही म्हणालात संग्रहालय. मी चित्रं समजून चाललोय.

अभियंता: जमिनीखाली आहे. गारवा असतो.

निरीक्षक: चित्रं जमिनीखाली कशाला ठेवतात?

अभियंता: उठा. पुढचा थांबा आपला.

* * *

निरीक्षक: हे गटार आहे.

अभियंता: मुख्य वाहिनी आहे.

निरीक्षक: पाटीवर मेनहोलच्या झाकणाचं चित्र आहे आणि एवढी माणसं तिकीट काढून आत चाललीयत. लहान मुलं घेऊन.

अभियंता: दीडशे वर्षांची आहे, सबंध विटांची. कॉलेजच्या पुस्तकात हिचा आडवा छेद होता, अंड्यासारखा, टोक खाली. पाणी कमी असलं तरी त्या टोकातून जोरात वाहतं, गाळ बसूच देत नाही. चौतीस वर्षं गटारखात्यात काढली, असा आकार एकदासुद्धा बांधायला मिळाला नाही. पुन्हा या बाजूला येणं कधी होणार सांगा.

निरीक्षक: आणि हे रबरी बूट. आतून ओले आहेत. कशाने ओले आहेत?

अभियंता: धुतलेले असतील.

निरीक्षक: धुतलेलं ओलं गार असतं. हे कोमट आहे. माझ्याआधी यात कोणाचा तरी पाय होता आणि तो पाय निघून पाच मिनिटंही झालेली नाहीत. नऊ तास हातात होते. लोक कारंजं बघतात हो.

अभियंता: कारंज्याचं पाणी पुढे इथेच येतं. नाकाला रुमाल लावा आणि पायऱ्या उतरताना माझा खांदा धरा.

निरीक्षक: खांदा कशाला, कठडा आहे. ...नको. खांदाच द्या. कठडा बुळबुळीत आहे.

* * *

अभियंता: ऐका. कुठे अडखळत नाही बघा पाणी.

निरीक्षक: नाक बंद केलं की मला ऐकूही कमी येतं. ती माहिती सांगणारी बाई काचेच्या पेटीत काय दाखवत होती?

अभियंता: चरबीचा गोळा. हॉटेलांचं तेल मोरीतून खाली उतरतं, थिजतं आणि साचत जातं. मध्यंतरी बसएवढा गोळा निघाला म्हणे. फोडायला तीन आठवडे लागले. त्यातला हा तुकडा लोकांसाठी ठेवलाय.

निरीक्षक: पेटीची काच नीट बसवलेली नाही. थांबा. हं. हे तेल निदान तीनदा तापवलेलं आहे. आधी मासे, मग बटाटे, मग पुन्हा मासे.

अभियंता: बाईंना सांगा. आवडेल त्यांना.

निरीक्षक: सांगितलं तर फलकावर लिहितील, आणि चुकीचं लिहितील. वर कोणीतरी वेळेवर कढईत डोकावलं असतं तर हे खाली आलंच नसतं.

अभियंता: तुमच्या खात्याच्या हातून सुटलेलं सगळं शेवटी आमच्याच खात्यात यायचं. आम्ही कधी तक्रार केली नाही.

निरीक्षक: तेच म्हणतो मी. तुम्ही कशाचीच तक्रार करत नाही, म्हणून हे काम माझ्या गळ्यात आलं. बाकीचे पुढे गेलेत तोवर ऐकून घ्या. या फोल्डरमध्ये अकरा मुद्दे आहेत. पोचलो की दोघांना समोरासमोर बसवायचं. तुम्ही मुलाकडे बघायचं, मी मुलीकडे. मुद्दा एक, दहा वर्षांचा संसार असा मोडत नसतो. मुद्दा दोन, सहा वर्षांची पोर आहे. मुद्दा तीन, दोन्हीकडच्या आयांनी एकमेकींना फोनवर जे ऐकवलं ते नोंदीतून काढून टाकलं आहे. मुद्दा चार तुमचा. तो तुमच्या तोंडून यायला हवा.

अभियंता: काय आहे त्यात?

निरीक्षक: की मुलाकडचे म्हणून आमचंही कुठे कुठे चुकलं.

अभियंता: आणि पाच तुमचा असेल. मुलीकडचे म्हणून.

निरीक्षक: पाचमध्ये सर्वसाधारण सूचना आहेत.

अभियंता: व्याही, फोल्डर मिटा.

निरीक्षक: अजून सहा राहिलेत.

अभियंता: मिटा, ओला होईल. सह्या झाल्या त्यांच्या. मागच्या महिन्यात, बावीस तारखेला. कोर्टाचा कागद हातात आला. वेगळे झाले ते.

(फोल्डर मिटल्याचा आवाज.)

निरीक्षक: कोणी सांगितलं तुम्हाला? चिरंजीवांनी?

अभियंता: तुमच्या मुलीने.

निरीक्षक: माझी मुलगी मला रोज फोन करते.

अभियंता: हो.

निरीक्षक: बावीस तारखेला पण केला होता. गुडघ्याला तेल लावता का म्हणून विचारत होती. मी तिला तेलातली भेसळ कशी ओळखायची ते समजावून सांगितलं. वीस मिनिटं.

अभियंता: तो ठेवून तिने मला केला. म्हणाली, अण्णांना तुम्हीच सांगा.

निरीक्षक: का?

अभियंता: जाऊ द्या ना.

निरीक्षक: का, ते विचारतोय मी.

अभियंता: म्हणाली, मी काही सांगायला गेले की अण्णांचं तोंड वाकडं होतं. कोणीतरी नासलेलं पुढ्यात ठेवावं तसं. कमी मार्क पडले तेव्हा पाहिलं, नोकरी सोडली तेव्हा पाहिलं. या वेळी पाहायचं बळ नाही माझ्यात. तुम्हाला कशाचीच घाण वाटत नाही, म्हणून तुम्हाला सांगतेय.

निरीक्षक: आणि म्हणून तुम्ही मला गटारात आणलंत.

अभियंता: विमानात सांगणार होतो, तर तुम्ही त्या मोज्यांवर होतात. कारंज्यापाशी लोक फोटो काढत असतात. मला आपलं खालीच बोलायला सुचतं. आता तुंबणं काही एका दिवसाचं नसतं...

निरीक्षक: उपमा देऊ नका. माझ्या मुलीच्या संसाराला गटाराची उपमा दिलीत तर इथेच ढकलून देईन.

अभियंता: बरं.

निरीक्षक: मग आपण चाललोय कशाला तिकडे?

अभियंता: एका घराची दोन घरं व्हायचीत. सामान हलवायचंय. नातीला सुट्टी लागलीय, त्या पसाऱ्यात तिच्याजवळ कोणीतरी बसायला हवं. आपल्याला समजूत घालायला नाही, खोकी उचलायला बोलावलंय. मी मुलाकडे उतरेन, तुम्ही मुलीकडे.

निरीक्षक: शी.

अभियंता: त्यांना नका काही म्हणू.

निरीक्षक: त्यांना नाही म्हणत. वीस मिनिटं तेलावर बोललो मी. चला वर. पुढे व्हा आणि खांदा द्या.

* * *

निरीक्षक: गटाराच्या डोक्यावर उपाहारगृह काढायचं ज्याच्या मनात आलं, त्याला एकदा बघायचंय मला.

अभियंता: तुम्ही पाव घेतलात?

निरीक्षक: घेतला. बाईने ज्या हाताने नाक पुसलं त्याच हाताने दिला. मधला पाला सुकलाय आणि लोणी आहे म्हणतात ते लोणी नाही.

अभियंता: मग खाताय कशाला?

निरीक्षक: सराव. उतरायला किती तास आहेत अजून?

अभियंता: इथले पाच, विमानातले सहा.

निरीक्षक: अकरा तासांत तोंड सरळ व्हायला हवं. ती दारातच उभी असेल. मी घास घेतो, तुम्ही नीट लक्ष ठेवा. ...सांगा.

अभियंता: डावी भुवई.

निरीक्षक: आता?

अभियंता: भुवई ठीक. नाकपुडी फुगतेय.

निरीक्षक: नाकपुडी माणसाच्या हातात नसते. आता बघा.

अभियंता: आता रडवेले दिसताय.

निरीक्षक: ते चालेल का तिला?

अभियंता: ते चालेल.

निरीक्षक: मग उरलेला पाव तुम्ही संपवा. मला एक सांगा, व्या... आता तुम्हाला म्हणायचं काय? माजी नगरसेवक असतो. घरावरच्या पाटीवर 'माजी' बारीक अक्षरात आणि बाकीचं ठळक. माजी व्याही मी कुठे ऐकलेला नाही.

अभियंता: नसेल शब्द.

निरीक्षक: आणि सकाळी मी त्या खिडकीवरच्या माणसाच्या भाषेला नावं ठेवली. रविवारी अकराच्या ठोक्याला तुमचा फोन येतो. दहा वर्षं. आता कोण म्हणून करणार?

अभियंता: मी करणार. उचलायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा.

निरीक्षक: तुमच्या बायपासच्या वेळी चार दिवस मी हॉस्पिटलच्या बाकावर काढले. त्या बाकाखाली काय काय होतं ते मला विचारू नका. नर्स येऊन विचारायची, पेशंटचे तुम्ही कोण? मी मान ताठ करून सांगायचो. पुन्हा तशी वेळ आली तर काय सांगू? आत तरी सोडतील का मला?

अभियंता: पुन्हा वेळ आणायचा माझा विचार नाही. आणि ती दोन घरं एकमेकांपासून पाच थांब्यांवर आहेत. नकाशा पाहून ठेवलाय मी.

निरीक्षक: गटारांचा?

अभियंता: बसचा. गटारांचाही पाहिला. दोन्ही घरांचं पाणी पुढे एकाच वाहिनीला मिळतं.

निरीक्षक: उपमा नको म्हटलं होतं.

अभियंता: उपमा नाही. माहिती आहे.

* * *

अभियंता: हीच खिडकी आणि माणूसही सकाळचाच. परतीचा शिक्का तोच मारणार. कागद काढा.

निरीक्षक: काढलाय. तोंडातलं च्युइंगगम आत्ता टेबलाखाली चिकटवलं त्याने. पाहिलंत?

अभियंता: पाहिलं. सहावा रकाना दुरुस्त करून घेणार होतात ना?

निरीक्षक: आता नको. रांग आहे.

अभियंता: रांगेत आपण दोघेच आहोत.

निरीक्षक: माझं तोंड कसं आहे?

अभियंता: बरंच सरळ. तो बोलावतोय बघा, काय लिहायचं ते सांगा त्याला.

निरीक्षक: पुढे व्हा. चार महिन्यांनी मोठे आहात तुम्ही. आणि त्या टेबलाला हात लावू नका.